पाटीवरची संहिता : टॅब्लेट, डिजिटल पाठ्यपुस्तक आणि मराठी साहित्याचे अध्यापन

अध्यापनसाधनांची चर्चा बहुधा साधनांपाशीच थांबते. खडू-फळ्याची जागा पडद्याने घेतली, पुस्तकाची जागा टॅब्लेटने घेतली, की उपकरणाची किंमत, विजेची उपलब्धता, विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होणे अथवा न होणे हे मुद्दे पुढे येतात. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु साहित्याच्या वर्गात त्यांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो आणि तो सहसा विचारला जात नाही : या नव्या पाटीवर उमटलेली संहिता कोणती? ती कोणाच्या संपादनातून आली, वाटेत तिच्यात काय गळले आणि काय मिसळले? भूगोलाच्या वा गणिताच्या पाठ्यपुस्तकात एखादे टिंब गळाल्याने आशय सहसा बिघडत नाही. साहित्याच्या, विशेषतः प्राचीन साहित्याच्या अभ्यासात मात्र टिंब हाच कधीकधी आशय असतो. प्रस्तुत लेखात पदवी व पदव्युत्तर स्तरावरील मराठी साहित्याच्या अध्यापनापुरताच या प्रश्नाचा विचार केला आहे.

उपकरणवाटपाच्या प्रयोगांचा इतिहास आता पुरेसा लांब झाला आहे. प्रत्येक मुलाला एक संगणक या जागतिक योजनेचा एक आरंभीचा भारतीय प्रयोग २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैरात या छोट्या गावातील शाळेत झाला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र शासनाने ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट मोठ्या अपेक्षेने सादर केला. पुढे त्या प्रकल्पाची सूत्रे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आली. या दोन्हींमागे उपकरण हातात पडले की शिक्षण घडेल, असा विश्वास होता. त्याची कसून तपासणी पेरू देशात झाली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना संगणक मिळाला, त्यांचा वापरही वाढला; पण भाषा आणि गणित या विषयांतील प्रगतीत फरक पडल्याचे दिसले नाही. २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाल्यावर परिस्थिती निराळ्याच मार्गाने बदलली. योजना असो वा नसो, विद्यार्थ्याच्या हाती निदान एक भ्रमणध्वनी आला आणि वर्गगटांवर पुस्तकांच्या पीडीएफ फिरू लागल्या. त्यामुळे उपकरण द्यावे की नाही, हा वाद महाविद्यालयांपुरता तरी मागे पडला आहे.

कागदावरील आणि पडद्यावरील वाचनाची तुलना करणारे संशोधनही मुबलक आहे. आन मांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेतील दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांना काही मजकूर कागदावर, तर काहींना तोच पीडीएफ रूपात पडद्यावर वाचावयास दिला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन सरस ठरले. २०१८ मध्ये देल्गादो व सहकाऱ्यांनी ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यातही कागदाचे पारडे जड भरले. पण केवळ कथनात्मक मजकुरापुरते पाहिल्यास दोन माध्यमांत लक्षणीय फरक आढळला नाही. साहित्याच्या शिक्षकाने हा तपशील विसरू नये. २०२३ मध्ये स्वीडनने छापील पुस्तकांकडे परतण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा आपल्याकडेही ‘पडदा वाईट, कागद चांगला’ असा सोपा निष्कर्ष काढला गेला. तो या संशोधनातून तितक्या सरळपणे निघत नाही.

मात्र या तुलनांमागील एक गृहीतक ध्यानात घ्यावयास हवे. मांगेन यांच्या प्रयोगात दोन्ही गटांना एकच संहिता दिलेली होती. माध्यम तेवढे वेगळे होते. मराठीच्या वर्गात हे गृहीत धरता येत नाही. येथे माध्यम बदलले की बहुधा संहिताही बदलते, आणि ती बदलली आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी ‘डिजिटल पुस्तक’ या एकाच नावाखाली वावरणाऱ्या वस्तू वेगळ्या कराव्या लागतात. पहिली वस्तू म्हणजे छापील पृष्ठाचे छायाचित्र. त्यात अक्षरे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती अक्षरे नसतात. एखाद्या शब्दाचा शोध घेता येत नाही, तो कोशात नेऊन पाहता येत नाही. दुसरी वस्तू अधिक फसवी आहे. १९९० नंतरची कित्येक वर्षे मराठी अक्षरजुळणी अशा फाँटांवर झाली की ज्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. अशा पुस्तकाची पीडीएफ डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते; तीतील ओळ उचलून दुसरीकडे ठेवली, तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन पसारा हाती येतो. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीच्या पेटीत बंद करून ठेवले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती पेटी उघडल्यावर मराठी वाङ्मयेतिहासाचा आरंभीचा भाग नव्याने लिहावा लागला. अलीकडच्या काळात आपण कोणताही गूढ हेतू नसताना दुसरी सकळ लिपी तयार केली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. फरक इतकाच की महानुभावांना आपण काय झाकीत आहोत हे ठाऊक होते.

तिसरी वस्तू म्हणजे युनिकोडमधील खरीखुरी मजकूर-संहिता. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे. तिचा पाया त्याआधी भारतात तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीने घातला. साहित्याच्या अध्यापनाला टॅब्लेटपासून काही खरा लाभ व्हावयाचा असेल, तर तो या तिसऱ्या वस्तूतूनच. पण येथेही मराठीची म्हणून एक अडचण आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’ या शब्दांतील रकाराचे चंद्रकोरीसारखे अर्धे रूप मराठीचे वैशिष्ट्य आहे. ते युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येते : नुक्त्याच्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्हींचे रूप एकच. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती दोन भिन्न अक्षरमालिका आहेत आणि पुष्कळ वाचनप्रणाली त्यांची सांगड घालीत नाहीत. आता एखाद्या विद्यार्थ्याने ज्ञानेश्वरीत मराठी भाषेचा उल्लेख कोठे कोठे येतो हे पाहण्यासाठी ‘मऱ्हाटी’ हा शब्द टंकून शोध घेतला, अशी कल्पना करावी. त्याच्या कळफलकाचा मार्ग एक आणि संहिता टंकणाऱ्याचा दुसरा असेल, तर उत्तर येईल : हा शब्द सापडला नाही. भाषेचे नावच तिच्या सर्वश्रेष्ठ ग्रंथात नाही, असे यंत्र निर्विकारपणे सांगेल. शिक्षकाला ही खुबी ठाऊक असेल तर वर्गातच उलगडा होईल. नसेल तर एखाद्या लघुप्रबंधात तो निष्कर्ष म्हणून छापलाही जाईल. ‘ॲ’ या स्वराचीही अशीच कथा आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तोपर्यंत, आणि सवयीने त्यानंतरही, तो ‘अ’ वर चंद्र ठेवून लिहिला गेला.

अक्षरांच्या वळणाचा प्रश्न तुलनेने सौम्य आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला निश्चित करताना ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे मान्य केली. अनेक उपकरणांवरील मूळ फाँट मात्र हिंदी वळणेच दाखवितात. नेत्रसवय बिघडते हे खरे, पण संहिता बिघडत नाही.

संहिता खऱ्या अर्थाने बिघडते ती छायाचित्रावरून अक्षरे ओळखण्याच्या यांत्रिक प्रक्रियेत, आणि त्याहून अधिक ती ‘सुधारणाऱ्या’ मानवी हातांनी. जुन्या मराठी लेखनात अनुस्वाराला व्याकरणिक कार्य होते. ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन, ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन. ‘ती’ स्त्रीलिंगी एकवचन, ‘तीं’ नपुंसकलिंगी अनेकवचन. ‘घरीं’ मधील टिंब सप्तमीची खूण होती. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार व्यवहारातून दूर केले आणि आजच्या लेखनासाठी ते योग्यच झाले. पण ज्ञानेश्वरीची किंवा एकनाथी भागवताची जुनी छापील प्रत यंत्रातून जाते तेव्हा शिरोरेषेवरील टिंब हे सर्वांत आधी हरवते. कागदावरचा डाग मात्र कधीकधी अनुस्वार होऊन बसतो. त्यानंतर कोणी हौशी संकलक त्या मजकुराला आजच्या नियमांत बसवतो. परिणामी विद्यार्थ्यापुढे येणारी ओवी तेराव्या शतकातील असत नाही, सोळाव्यातील असत नाही आणि एकविसाव्यातीलही असत नाही. ‘ते’ हे सर्वनाम कोणाकडे निर्देश करते याविषयी वर्गात चर्चा रंगते, आणि त्या चर्चेचे मूळ कवीच्या संदिग्धतेत नसून एका हरवलेल्या टिंबात असते. संदिग्धता हा काव्यगुण मानण्याची सवय जडलेल्या आपल्या समीक्षेला हा धोका अधिकच आहे.

अर्थात संहितेची अस्थिरता ही टॅब्लेटने निर्माण केलेली गोष्ट नव्हे. शके १२१२ मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीचे पाठ एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध करावे लागले; एकनाथपूर्व म्हणून राजवाड्यांनी १९०९ मध्ये जी प्रत प्रसिद्ध केली, तिने भाषेच्या जुनेपणाचा वाद नव्याने पेटविला; साखरे महाराजांची सांप्रदायिक परंपरा आणि सोनोपंत दांडेकरांची प्रत यांचा मान पुन्हा वेगळा. तुकोबांच्या अभंगांची विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली गाथा १८६९ आणि १८७३ अशा दोन भागांत निघाली. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते तिच्यामागे होती आणि ४६०७ ही अभंगसंख्या पुढे जणू प्रमाण ठरली. शालेय वर्गात तर प्राचीन कविता वेच्यांच्या रूपानेच आली. परशुरामपंत गोडबोल्यांचे ‘नवनीत’ १८५४ चे, म्हणजे काव्याचे तुकडे करून पाठ्यपुस्तक करण्याची रीतही चांगली पावणेदोनशे वर्षांच्या घरात पोहोचली. परंतु या सर्व मुद्रित प्रतींवर संपादकाचे नाव होते. कोणत्या पोथीवरून काय घेतले, हे सांगण्याची जबाबदारी तो मानीत होता किंवा न मानल्याबद्दल टीका सोशीत होता. तळटीप हे त्या जबाबदारीचे दृश्य रूप. पडद्यावर मजकूर प्रवाही झाला की पहिला बळी तळटिपेचाच जातो. जालावर उपलब्ध असलेल्या ज्ञानेश्वरीच्या कित्येक प्रतींवर आवृत्ती कोणती हा उल्लेखच नसतो. ज्ञानेश्वरांचे नाव असते, एकनाथांचे नसते.

आणि तरीही पाठभेद शिकविण्यासाठी टॅब्लेटइतके सोयीचे साधन मराठीच्या वर्गाला याआधी मिळालेले नाही. पाठचिकित्सा हा विषय आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात बहुधा सिद्धान्तरूपानेच शिकविला गेला. पोथ्यांचे वंशवृक्ष फळ्यावर काढले जात, पण चाळीस विद्यार्थ्यांपुढे दोन प्रती उघड्या ठेवणे ग्रंथालयाला परवडत नसे. राजवाडे प्रत सहसा कपाटातून बाहेर येत नाही, आणि आली तर एकाच हाती. आता एकाच पडद्याच्या दोन भागांत राजवाडे प्रतीच्या आणि एखाद्या सांप्रदायिक प्रतीच्या पृष्ठांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवता येतात. येथे छायाचित्रच हवे. टंकलेला मजकूर नव्हे. शोधासाठी मजकूर आणि साक्षीसाठी छायाचित्र, अशी ही विभागणी विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडली, तर निम्मे काम झाले असे समजावे. एका तासिकेत एका अध्यायाच्या दहा ओव्या, प्रत्येक गटाकडे एक, आणि फरकांची नोंद कागदी वहीत : एवढ्या साध्या स्वाध्यायातून संहिता ही दिलेली नसून सिद्ध केलेली वस्तू आहे, हे जितके उमगते तितके ते पाठचिकित्सेवरील चार व्याख्यानांतून उमगत नाही.

कोशांच्या बाबतीत लाभ याहून निर्विवाद आहे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात शोधता येण्याजोग्या रूपात विनामूल्य उपलब्ध आहेत. ‘चाड’ हा शब्द घ्यावा. आजच्या विद्यार्थ्याला तो ‘सत्याची चाड’, ‘कशाचीच चाड नाही’ अशा वाक्प्रयोगांतून पर्वा किंवा कदर या अर्थाने माहीत असतो. प्राचीन काव्यात तो इच्छा, आवड, ओढ या अर्थाने येतो. आजचा अर्थ मनात धरून वाचणाऱ्याला ओवी समजल्यासारखी वाटते, आणि हे समजल्यासारखे वाटणेच घातक. अनोळखी शब्दापाशी वाचक थांबतो. ओळखीच्या शब्दाने तो फसतो. तीन कोश एकाच वेळी उघडून एका शब्दाचा सहाशे-सातशे वर्षांचा प्रवास वर्गात पाहणे आज पाच मिनिटांचे काम आहे. याउलट डिजिटल पाठ्यपुस्तकात शब्दावर बोट ठेवताच तयार अर्थ झळकविण्याची जी सोय असते, ती साहित्याच्या वर्गात सावधपणे वापरावी लागेल. एकच अर्थ देणारी ही सोय कोश नसते. ती वेगवान झालेली मार्गदर्शिका असते.

कवितेच्या ओळीचा प्रश्न वेगळाच आहे. अरुंद पडद्यावर मजकूर प्रवाही ठेवला की ओळ पडद्याच्या रुंदीने मोडते. ओवीचे किंवा अभंगाचे चरण यमकाच्या आधाराने कानाला सापडतात. छंदाची जाण असलेला विद्यार्थी मोडलेली ओवी पुन्हा सांधून घेतो. मर्ढेकरोत्तर मुक्तछंदाला असा आधार नाही. तेथे ओळ कोठे संपते हा कवीचा निर्णय असतो, आणि उपकरणाने केलेला ओळभंग हा कवीने केलेल्या ओळभंगासारखाच दिसतो. मोठ्याने वाचून घेणे हा यावरचा जुना उपाय ओवीला पुरेसा आहे, नवकवितेला नाही. तिच्यासाठी स्थिर पृष्ठच लागते, मग ते कागदावरचे असो वा पडद्यावरचे.

या साऱ्याहून दूरगामी परिणाम करणारी गोष्ट अभ्यासक्रमाच्या निवडीशी निगडित आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले. त्यांची कविता कोणीही टंकावी. बा. सी. मर्ढेकरांचे निधन १९५६ चे. त्यांची कविता २०१६ अखेर मुक्त झाली. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. बाबुराव बागूल (२००८) आणि नामदेव ढसाळ (२०१४) यांच्या साहित्यासाठी तर या शतकाच्या उत्तरार्धाची वाट पाहावी लागेल. याचा अर्थ असा की विनामूल्य, अधिकृत आणि शोधता येण्याजोग्या मराठी साहित्याचे जे कपाट टॅब्लेटमध्ये उघडते, त्यात संतकाव्य, पंडिती काव्य आणि एकोणिसावे शतक ओसंडून वाहते. दलित, ग्रामीण आणि स्त्रीवादी साहित्य मात्र तेथे जवळजवळ नसते, किंवा चोरट्या, वाकड्यातिकड्या छायाचित्रांच्या रूपात असते. ज्या साहित्याने मराठीच्या वर्गात प्रवेश मिळविण्यासाठी संघर्ष केला, ते उपकरणाच्या सोयीमुळे पुन्हा उंबरठ्याबाहेर राहू शकते. आणि या वेळी त्याला कोणी नकार दिला असेही म्हणता येणार नाही. हक्कधारकांचा येथे दोष नाही. लेखकाच्या कुटुंबाला मानधन मिळणे न्याय्यच आहे. भारतीय भाषांतील पाठ्यपुस्तके डिजिटल रूपात देणारी भारतीय भाषा पुस्तक योजना २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झाली. तीत या हक्कांसाठी रीतसर मोबदल्याची तरतूद व्हावी, असा आग्रह विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनीच धरावयास हवा. तोपर्यंत बागूलांची कथा शिकविताना शिक्षकाने छापील पुस्तक वर्गात आणावे, हेच योग्य.

शेवटी राहतो तो संदर्भ देण्याचा व्यवहार. उत्तरपत्रिकेत व लघुप्रबंधात अवतरणाचे स्थान पृष्ठांकाने सांगण्याची शिस्त आपण मुद्रणाबरोबर स्वीकारली. प्रवाही डिजिटल पुस्तकात पृष्ठांक अक्षराच्या आकाराबरोबर बदलतो. एका विद्यार्थ्याच्या पाटीवरचे ११२ वे पृष्ठ दुसऱ्याच्या पाटीवर १९० वे असते. कादंबरीच्या अभ्यासकाची यात मोठी कुचंबणा होते, आणि प्रकरण व परिच्छेद यांचे क्रमांक देण्यावाचून तूर्त त्याला गत्यंतर नाही. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकाला मात्र ही अडचण जाणवत नाही. अध्याय आणि ओवी यांचा क्रमांक पृष्ठाहून जुना आहे. तो पोथीत चालला, शिळाछापात चालला, पडद्यावरही चालतो. केवळ त्या क्रमांकाच्या आधी प्रतीचे नाव लिहावयास हवे, कारण राजवाडे प्रतीतील आणि सांप्रदायिक प्रतीतील ओव्यांची संख्या सारखी नाही.